तीन शिट्ट्या

रात्री साडेदहाला बटण दाबलं.
पंखा फिरला, हिरवा दिवा लागला,
पडदा काळाच.
मग डब्याच्या पोटातून तीन लांब शिट्ट्या.
सासूबाई झोपेतून म्हणाल्या,
"वरण झालं गं, गॅस बंद कर."

उद्या अकराला कामगार कोर्टात तारीख.
यादी ह्याच्या आत:
सातपूरच्या बंद पडलेल्या वाइंडिंग खात्यातल्या
त्रेचाळीस बायका,
कोण कधी लागली, कुणाचा फंड किती भरला,
कुणाचा कापला पण भरलाच नाही.
विमल गांगुर्डे. रुक्साना पिंजारी.
संजीवनी खैरनार दोन,
म्हणून एकीपुढे लिहिलंय, चष्मेवाली.

दुसरी प्रत ठेवली होती का,
ते मला विचारू नका.
पेन ड्राइव्ह ओजसच्या दप्तरात सापडला,
त्यात आता नुसतं क्रिकेट आहे.

त्रिमूर्ती चौकातला पंकज फोनवर म्हणाला,
"मदरबोर्ड गेला असणार, ताई.
सकाळी येतो. नुसतं बघायचे चारशे."
न बघताच निदान,
आमच्या मॅनेजरसारखं.

बावीस वर्षं मी मोटारी भरल्या.
जळलेली कॉइल मला वासावर कळते.
प्लग काढला, बटण दाबून दहा आकडे मोजले,
उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून.
द्राक्षाच्या रिकाम्या पेटीवर डबा आडवा घातला,
चार स्क्रू वाटीत.
नाक आत घातलं.
जळकं काही नाही.
धूळ, उदबत्तीची राख,
आणि पालीचं एक वाळलेलं पिल्लू,
जिन्यावर थांबल्यासारखं.

ह्यांनी मोबाइलचा उजेड धरला
आणि उभ्याउभ्याच पेंगले.
उजेड हळूहळू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेला.
"अहो, इकडे."
निफाडला म्हणे पारा पाचवर आलाय.
इथे सिडकोत बोटं नुसती लाकडं.

तीन लांब म्हणजे मेमरी.
हे पंकजनं नाही,
ओजसच्या जुन्या क्लासच्या वहीनं सांगितलं,
शेवटून दुसरं पान, खाली चहाचा डाग.

पट्टी निघाली.
वीतभरही नाही, एका काठाला सोनेरी दात,
दातांवर काळपट कीट.
आता कंपासपेटीतला खोडरबर घ्यायचा
आणि हलक्या हातानं घासायचं.
मी थांबले जरा.
आठवण परत यावी म्हणून
खोडरबर?

आमचा मुकादम हजेरी पेन्सिलीनं मांडायचा.
का, ते आम्हाला फार उशिरा कळलं.
माझे अठ्ठावीस रविवार
अशाच एका पांढऱ्या रबरानं गेले,
पानावर नुसती खरखर राहिली.
ती मी न्यायाधीशांना बोटानं दाखवणार आहे.

घासलं. फुंकर नाही मारली,
थुंकी उडते.
दोन्ही टोकांना अंगठे ठेवून दाबलं,
टक्.
दुसरीकडे, टक्.

बटण.
पंखा.
एकच आखूड शिट्टी.
"भात झाला," आतून आवाज.

पडद्यावर पांढरी अक्षरं:
पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.
दाबलं.
यादी उघडली. त्रेचाळीस. दोनदा मोजली.
छापली. कागद नऊ होते, लागले आठ.

मग कोपऱ्यात लक्ष गेलं.
आतला नाण्याएवढा सेल संपलाय,
ह्याला वाटतंय आज
एक जानेवारी दोन हजार नऊ, गुरुवार.
ह्याच्या हिशेबानं खातं चालू आहे,
सातची पाळी भरलीय,
आणि विमल गांगुर्डे आहे,
डबा उघडून म्हणतेय, आज परत कारलं.

ह्यांनी विचारलं, "तारीख चुकलीय, नीट करू का?"
म्हटलं, राहू दे.
सेल चाळीस रुपयांचा असेल,
कोर्टातून येताना चष्मेवाली आणेल.
तुम्ही झोपा.
मी जरा वेळ बसते.